वाहनचालकांच्या झोपेची तपासणी

१ डिसेंबर २०१३ रोजी, रविवारी सकाळी, न्यूयॉर्क शहराकडे येणारी एक उपनगरी आगगाडी स्पायटन डायव्हिल या ठिकाणच्या नदीकाठच्या वळणावर आली. त्या वळणावर ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, एवढ्याच वेगाला परवानगी होती. गाडीचा वेग त्या वेळी ताशी ८२ मैल, म्हणजे १३० किलोमीटरांहून अधिक होता. डबे रुळांवरून घसरले, चार प्रवासी मृत्युमुखी पडले आणि साठांहून अधिक जखमी झाले. चौकशीत असे दिसून आले की, गाडीचे ब्रेक चालू स्थितीत होते, चालकाने मद्य घेतलेले नव्हते आणि तो दूरध्वनीवर बोलतही नव्हता. वळणापूर्वीच्या त्या काही क्षणांत त्याला एक प्रकारची गुंगी आली होती. अपघातानंतर त्याच्या झोपेची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा त्याला झोपेत श्वास अडण्याचा तीव्र स्वरूपाचा विकार असल्याचे निष्पन्न झाले. या विकाराची त्याला स्वतःला कल्पना नव्हती. त्याच्या नियोक्त्याने वेळोवेळी त्याची वैद्यकीय तपासणी करविली होती. परंतु डोळे व कान तपासणाऱ्या त्या पद्धतीत झोपेविषयी विचारण्याची सोयच नव्हती.

ही घटना दूर देशातील आणि रेल्वेची असली, तरी तिच्यातील प्रश्न कोणत्याही रस्त्यावरील कोणत्याही अवजड वाहनाला लागू पडतो. मालमोटार, एस.टी.ची बस, शाळेची गाडी, पाण्याचा टँकर किंवा रुग्णवाहिका चालविणारा मनुष्य रात्री सात-आठ तास अंथरुणावर पडून असतो. एवढ्यावरून त्याला विश्रांती मिळाली असे मानता येते काय, हा तो प्रश्न होय.

झोपेत काय घडते

ज्याला वैद्यकशास्त्रात ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात, तो झोपेतील श्वासरोध समजून घेण्यास फारशा शास्त्रीय ज्ञानाची गरज नाही. नाकातून व तोंडातून फुप्फुसाकडे जाणारा श्वासमार्ग घशाच्या भागात मऊ स्नायूंचा बनलेला असतो. जागेपणी हे स्नायू ताठ असतात आणि मार्ग मोकळा राहतो. झोप लागली की ते सैल पडतात, जीभ थोडी मागे सरते. बहुतेकांच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही. काहींचा मार्ग अरुंद होऊन हवा त्यातून जाताना कंप निर्माण होतो, त्यालाच आपण घोरणे म्हणतो. मात्र ज्यांच्या गळ्याभोवती चरबी साठलेली असते, ज्यांचा खालचा जबडा लहान किंवा मागे असतो, ज्यांच्या गळ्यातील गाठी वाढलेल्या असतात, अशांचा मार्ग मधूनमधून पूर्णपणे मिटतो. छाती व पोट हालत असतात, पण हवा आत जात नाही.

असा खंड दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला की त्याची गणना श्वासरोधात होते. तो अर्धा मिनिट, कधी एक मिनिटही टिकतो. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते आणि तो झोपलेल्या माणसाला क्षणभर जागे करतो. मोठा आवाज करून तो श्वास ओढतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी यापैकी काहीच त्याला आठवत नाही. तासाला असे पाच ते पंधरा प्रसंग घडत असतील तर विकार सौम्य, पंधरा ते तीस घडत असतील तर मध्यम आणि तीसहून अधिक असतील तर तीव्र समजला जातो. तीव्र विकार असलेल्या माणसाची झोप एका रात्रीत दोनशेहून अधिक वेळा मोडते. घड्याळाच्या हिशेबाने तो आठ तास झोपलेला असतो, मेंदूच्या हिशेबाने मात्र तो रात्रभर उठबस करीत असतो.

याचे परिणाम दिवसा दिसतात. उठल्यावर डोके जड असते, बसल्या जागी डुलकी येते, विसराळूपणा व चिडचिड वाढते, रक्तदाब औषधांना दाद देत नाही. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे हेही एक लक्षण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचा संबंध मधुमेहाशी किंवा वयाशी जोडून ते मोकळे होतात. आणि घोरण्याचा तर आपल्याकडे थट्टेपलीकडे कोणी विचारच करीत नाही. किंबहुना मोठ्याने घोरणाऱ्या माणसाला गाढ झोप लागली आहे, अशीच घरच्यांची समजूत असते. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते.

वाहन चालविताना येणारी डुलकी दोन-तीन सेकंदांची असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत सुमारे ६६ मीटर अंतर कापते. या अंतरात चालक वाहनात आहे, एवढेच म्हणता येईल. झोपेमुळे झालेल्या अपघातात पुष्कळदा रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणाही आढळत नाहीत, कारण ब्रेक दाबलेलाच नसतो. ज्यांना हा विकार आहे अशा चालकांच्या हातून अपघात होण्याचा संभव इतर चालकांच्या तुलनेने सरासरी सुमारे अडीच पट असतो, असा निष्कर्ष अनेक देशांतील पाहण्या एकत्र अभ्यासून २००९ साली काढण्यात आला.

चालकाचा धंदा आणि हा विकार

हा विकार कोणालाही होऊ शकतो. परंतु तो ज्या कारणांनी वाढतो ती बहुतेक सारी चालकाच्या जीवनक्रमात एकत्र आलेली असतात. तो बहुधा पुरुष असतो आणि मध्यम वयाचा असतो. दिवसाचे आठ-दहा तास तो बसून काढतो. ढाब्यावरचे तेलकट जेवण, तेही अवेळी, आणि जेवल्यावर लगेच झोप अथवा लगेच प्रवास. वजन वाढते, मान जाड होते. थकवा घालविण्यासाठी रात्री मद्य घेतले तर गळ्याचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अधिक वेळ अडतो. झोपेच्या गोळ्यांचा परिणामही तसाच होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तेथील शासनाच्या साहाय्याने मालमोटार चालकांची पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार सुमारे २८ टक्के चालकांना कमी-अधिक प्रमाणात हा विकार होता आणि जवळजवळ ५ टक्क्यांच्या बाबतीत तो तीव्र होता.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. झोप न मिळणे वेगळे आणि मिळालेली झोप वाया जाणे वेगळे. ज्या चालकाला मालक सलग सोळा तास गाडी चालवावयास लावतो, त्याच्या डोळ्यांवर झोप येण्यास कोणत्याही विकाराची आवश्यकता नाही. १९६१ साली झालेल्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली, ती याच जाणिवेने. श्वासरोधाची तपासणी ही या मर्यादेच्या पालनाला पर्याय होऊ शकत नाही. उद्या एखादा वाहनमालक चालकाच्या गळ्याचे माप घेऊन त्याच्या कामाचे तास मात्र पूर्वीप्रमाणेच ठेवू लागला, तर त्या तपासणीला काहीच अर्थ राहणार नाही.

चाळणी कशी लावतात

विकाराचे खात्रीचे निदान झोपेच्या प्रयोगशाळेत होते. रात्रभर मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, श्वासाचा प्रवाह, छातीची हालचाल, हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायू यांची नोंद घेतली जाते. अलीकडे घरी नेऊन वापरता येतील अशी लहान यंत्रेही निघाली आहेत. तथापि प्रत्येक चालकाची अशी तपासणी करणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. म्हणून आधी चाळणी लावावयाची आणि चाळणीत अडकलेल्यांनाच पुढील तपासणीसाठी पाठवावयाचे, अशी पद्धत पडली आहे.

या चाळणीची दोन साधने जगभर प्रचलित आहेत. १९९१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी एक प्रश्नावली तयार केली. ‘एपवर्थ’ या नावाने ती ओळखली जाते. बसून वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, दुपारी आडवे झाल्यावर, वाहन रहदारीत काही मिनिटे थांबलेले असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा कितपत संभव आहे यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे असतात. चोवीसपैकी दहाहून अधिक गुण झाल्यास झोपाळूपणा प्रमाणाबाहेर समजतात. दुसरे साधन २००८ साली कॅनडातील डॉ. फ्रान्सिस चुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांना विचारण्यासाठी बनविले. त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे द्यावयाचे आठ मुद्दे आहेत: मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहणे, रक्तदाब, वजन, वय, गळ्याचा घेर आणि पुरुष असणे.

या दोन साधनांत एक महत्त्वाचा फरक आहे आणि चालकांच्या बाबतीत सर्व काही त्या फरकावर अवलंबून आहे. पहिल्या प्रश्नावलीतील प्रत्येक उत्तर चालकाच्या तोंडचे असते. गाडी उभी असताना तुला डुलकी लागते काय, असे परवान्याच्या कचेरीत विचारल्यावर कोणता चालक ‘हो’ म्हणेल? दवाखान्यात स्वतःहून आलेला रुग्ण जे मोकळेपणाने सांगतो, ते उपजीविका पणाला लागलेला माणूस सांगणार नाही. याउलट गळ्याचा घेर, वजन, उंची व रक्तदाब यांना खोटे बोलता येत नाही. म्हणून चालकांच्या चाळणीत मोजमापांना अधिक महत्त्व द्यावे, असे या विषयातील जाणकार मानतात. पुरुषाच्या गळ्याचा घेर ४० ते ४३ सेंटिमीटरांच्या पुढे असणे ही एक सूचना होय. शर्टाची कॉलर शिवताना शिंपी जे माप घेतो तेच हे माप.

वजनाचा विचार उंचीच्या प्रमाणात करतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की एक अंक मिळतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ८२ किलो वजनाच्या माणसाचा अंक सुमारे ३० येतो. अमेरिकेत चालकाला झोपेच्या तपासणीसाठी पाठविण्याची शिफारस करताना तेथील तज्ज्ञांनी ४० हा अंक धरला आणि इतर लक्षणे असतील तर ३३. हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे उचलणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्याकडे २५ अंकालाच लठ्ठपणाची सुरुवात मानावी, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली एकमताने ठरविले आहे. शिवाय जबड्याच्या ठेवणीमुळे आशियाई लोकांना कमी वजनातही हा विकार जडतो. ४० अंकाच्या चाळणीतून आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण बिनधोक खाली उतरतील.

कोविडच्या साथीत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र गावोगावी पोहोचले. त्यासंबंधी एक गैरसमज होण्याचा संभव आहे. या विकाराच्या माणसाचा प्राणवायू जागेपणी बहुधा अगदी ठीक असतो. दिवसा यंत्राने ९८ दाखविले, म्हणून विकार नाही असा निष्कर्ष निघत नाही. तोच प्राणवायू रात्रभर नोंदणाऱ्या यंत्राने मोजला, तर करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होताना दिसतो.

उपजीविकेचा प्रश्न

तपासणीची पद्धत कागदावर असणे पुरेसे नसते, याचे उदाहरणही अमेरिकेनेच दिले. २९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यू जर्सी राज्यातील होबोकेन स्थानकात एक आगगाडी न थांबता रुळांच्या टोकावर आदळली. फलाटावरील एक स्त्री ठार झाली व शंभराहून अधिक लोक जखमी झाले. या चालकालाही तीव्र श्वासरोध होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची वैद्यकीय तपासणी होऊन तो कामास योग्य ठरला होता. येथे तर श्वासरोधाच्या चाळणीचे नियम अस्तित्वात होते. त्या नियमांनुसार त्याला पुढील तपासणीसाठी पाठवावयास हवे होते. पण ते झाले नाही, असा ठपका चौकशी यंत्रणेने ठेवला. मार्च २०१६ मध्ये अमेरिकी शासनाने मोटार व रेल्वे चालकांसाठी अशा तपासणीचा नियम करण्याच्या दिशेने पाऊल टाकले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ते मागे घेण्यात आले.

नियम नसताना काय होते, हे तेथील श्नायडर या मोठ्या मालवाहतूक कंपनीच्या अनुभवावरून कळते. या कंपनीने आपल्या चालकांची चाळणी केली, संशयितांची झोप तपासली आणि विकार असलेल्यांना उपचाराचे यंत्र दिले. यंत्र किती तास वापरले गेले याची नोंद यंत्रातच होत असल्याने, कोण उपचार घेतो व कोण घेत नाही हे कंपनीला समजत होते. सोळाशेहून अधिक रुग्ण चालकांची दोन हजारांवर इतर चालकांशी तुलना करणारा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी यंत्र मुळीच वापरले नाही, त्यांच्या हातून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट प्रमाणात घडले होते. ज्यांनी उपचार घेतले त्यांचे प्रमाण निरोगी चालकांच्या जवळपास होते. परंतु याच अभ्यासाने दुसरीही एक गोष्ट दाखविली. उपचार न घेणाऱ्या चालकाला ही कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीत जाता येत होते आणि तेथे आपला विकार न सांगता तो पुन्हा तसाच अवजड वाहन चालवू शकत होता. एका मालकाने चांगले करावयाचे ठरविले, तर धोका नाहीसा न होता शेजारच्या मालकाकडे जातो.

युरोपीय देशांनी याचा विचार करून कायद्याचा मार्ग धरला. २०१४ साली त्यांनी वाहन परवान्याच्या नियमांत बदल केला आणि २०१५ अखेरपर्यंत तो सर्व सदस्य देशांनी अंमलात आणावा असे ठरविले. मध्यम अथवा तीव्र श्वासरोधाचा संशय असलेल्या अर्जदाराला परवाना देण्यापूर्वी किंवा त्याचे नूतनीकरण करण्यापूर्वी तज्ज्ञाकडे पाठविले जाते. निदान पक्के होईपर्यंत वाहन न चालविण्याचा सल्ला त्याला देता येतो. मात्र उपचाराने विकार आटोक्यात आहे, उपचार नियमित चालू आहे आणि झोपाळूपणा कमी झाला आहे असे वैद्यकीय मत मिळाल्यास परवाना मिळतो. खाजगी वाहनाच्या चालकाला तीन वर्षांच्या आत आणि बस व मालमोटारीच्या चालकाला एका वर्षाच्या आत पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. अर्थात या नियमाने चालकाला घरी बसविले जात नाही. त्याला उपचारासह चाकावर परत आणण्याची वाट नियमातच आखून दिलेली आहे.

ही वाट शक्य झाली ती एका साध्या यंत्रामुळे. १९८० पर्यंत तीव्र श्वासरोधावर गळ्याला छिद्र पाडून नळी बसविणे हाच एक खात्रीचा इलाज होता. त्या वर्षी सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्राची मोटार उलट जोडून नाकावाटे सौम्य दाबाची हवा सोडली आणि मिटणारा घसा उघडा राहतो असे दाखविले. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजची ‘सीपॅप’ नावाची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. नाकावर मुखवटा बांधून झोपावयाचे, एवढेच. दिवसाचा झोपाळूपणा एका रात्रीच्या उपचारानेही कमी होऊ लागतो आणि वाहन चालविण्याच्या कृत्रिम चाचणीत दोन ते सात दिवसांत सुधारणा दिसते. ज्यांचा विकार सौम्य आहे त्यांना वजन घटविणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे किंवा जबडा पुढे धरून ठेवणारे दातांवरचे साधन यांचाही उपयोग होतो.

रोगाचे नाव ऐकताच परवाना जाईल, अशी भीती जेथे आहे तेथे चालक रोग लपवितो. उपचारानंतर परवाना टिकेल आणि यंत्राचा खर्च त्याच्या एकट्याच्या खिशातून जाणार नाही, अशी हमी जेथे आहे तेथे तो तपासणीला पुढे येतो. चाळणीच्या यशापयशाचे मर्म या हमीत आहे.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी किती मृत्यू चालकाच्या झोपेमुळे झाले याचा अंदाज या आकड्यांतून येत नाही. अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालविणे, तांबडा दिवा ओलांडणे, मोबाइलचा वापर अशी कारणे त्यांत मांडलेली असतात. झोप लागल्याने भरधाव जाऊन आदळलेले वाहन पंचनाम्यात बहुधा अतिवेगाच्या किंवा ‘इतर’ या सदरात जाते. ज्या कारणाला सदरच नाही त्यावर उपाययोजना सुचणे कठीण असते.

परिवहन वाहनाचा परवाना काढताना व नूतनीकरणाच्या वेळी चालकाला नमुना १-अ मध्ये डॉक्टरांचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. प्रमाणपत्रात दृष्टी, श्रवणशक्ती, अवयवांतील वैगुण्य यांचा विचार आहे. अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनात फेफरे, चक्कर, रातांधळेपणा यांविषयी प्रश्न आहेत आणि वाहन चालविणे धोक्याचे होईल असा अन्य कोणता रोग आहे काय, असेही विचारले आहे. श्वासरोध या शेवटच्या प्रश्नात बसू शकतो. परंतु ज्याला आपल्या रोगाची जाणीवच नाही तो त्याचे उत्तर काय देणार?

हा विकार आपल्याकडे विरळा आहे असेही नाही. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ६५८ जणांना प्रश्न विचारण्यात आले आणि २५० जणांच्या झोपेची नोंद रात्रभर घेण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधानुसार १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वास अडत होता आणि ७.५ टक्क्यांच्या बाबतीत दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार आढळला. शहरातील पुरुषांचे हे प्रमाण राज्यातील सर्व चालकांना तसेच लागू करता येणार नाही. तरीही ते धरून हिशेब केला, तर दोनशे चालकांच्या आगारात असे पंधरा चालक निघतात. त्यांपैकी कितीजणांना आपल्या विकाराचे नाव माहीत असेल?

खर्चाची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. झोपेची प्रयोगशाळा मोठ्या शहरांपलीकडे सहसा मिळत नाही आणि उपचाराच्या यंत्राची किंमत सामान्य मालमोटार चालकाच्या महिन्याच्या मिळकतीपेक्षा बरीच जास्त आहे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या आरोग्य योजनेतून ही किंमत ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळू शकते. कचेरीत बसून काम करणाऱ्याला जी सवलत आहे, ती वीस टन माल घेऊन रात्रीचा घाट उतरणाऱ्याला नसावी, ही विसंगती धोरण आखणाऱ्यांच्या नजरेस आणून देण्याजोगी आहे.

जे आज करता येण्याजोगे आहे

नियम होतील तेव्हा होतील. पण काही गोष्टींना नियमांची आवश्यकता नाही. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात ठिकठिकाणी चालकांसाठी नेत्रतपासणी शिबिरे भरतात. तेथे डोळे तपासणारा डॉक्टर असतोच. त्याच्या शेजारी वजनकाटा, उंचीची पट्टी, रक्तदाबाचे यंत्र आणि शिंप्याची एक फीत ठेवली, तर चाळणीचे निम्मे काम तेथेच होते. माणशी पाच मिनिटे पुरतात. संशयित चालकाचे नाव मात्र शिबिराच्या फलकावर किंवा मालकाच्या हाती जाता कामा नये. त्याला जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा अथवा छातीरोग विभागाची चिठ्ठी द्यावी, एवढेच त्या ठिकाणी योग्य होय.

उरलेले निम्मे काम विचारपूस करण्याचे. श्वास अडतो हे झोपणाऱ्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. घरी ती त्याची पत्नी असते. पण चालकाच्या बहुतेक रात्री घराबाहेर जातात आणि तेथे त्याच्या झोपेचा साक्षीदार म्हणजे मालमोटारीतील क्लीनर किंवा एस.टी.चा वाहक. घोरणे चालू असता मध्येच एकदम शांतता पसरते, मग हुंदका दिल्यासारखा आवाज येतो, असे त्यांपैकी कोणी सांगितले, तर दहा प्रश्नांच्या उत्तरांपेक्षा ती एक साक्ष मोलाची मानावी. शाळेच्या गाडीचा चालक नेमताना मुख्याध्यापकांनी व पालकांच्या समितीने, किंवा उन्हाळ्यात टँकरचा ठेका देताना पंचायतीने, परवाना व विम्याच्या कागदांबरोबर ही विचारपूस केली तर त्यात गैर काही नाही. मात्र ती चालकाला काढून टाकण्यासाठी नसून त्याला दवाखान्यात पाठविण्यासाठी आहे, हे आधी सांगावे लागेल.

ज्या गावात एस.टी.ची मुक्कामी गाडी येते तेथील मंडळींना तर हा विषय समजावून सांगण्याचीही गरज नाही. चालक कोठे झोपतो, कसा झोपतो आणि पहाटे किती ताजातवाना उठतो, हे त्या गावाला रोज दिसत असते. पहाटेच्या त्याच गाडीने गावातील मुले तालुक्याच्या शाळेत जातात. पुष्कळ ठिकाणी चालक व वाहक गाडीतच बाकांवर अंग टाकतात. काही पंचायतींनी त्यांना खोली दिली आहे. उपचाराचे यंत्र वापरणाऱ्या चालकाला रात्रभर वीज लागते. बाकावर झोपणाऱ्याला ती मिळत नाही आणि यंत्र घरीच राहते. खोली देताना पंचायतीने खाटेच्या उशाशी विजेचा एक चालू प्लग आहे एवढे पाहिले, तर त्या चालकाचा मुक्कामाच्या रात्रीचा उपचार खंडित होणार नाही.